समोरच्या खुर्चीवर कोण?

मुंबईच्या खाण्यापिण्याचा विषय निघाला की हल्ली एक यादी हटकून वाचली जाते. इथे जपानी मिळतं, लेबनीज मिळतं, कोरियन मिळतं, बर्मी मिळतं; मालवणी, आगरी, सीकेपी, पारशी, सिंधी, बोहरी हे तर घरचंच. यादी संपली की निष्कर्ष तयार असतो: हे शहर जिभेनं श्रीमंत आहे, म्हणजे मनानंही उदार आहे. यातला पहिला अर्धा भाग कबूल. दुसरा मात्र तपासून घ्यायला हवा, कारण यादीत पदार्थ आहेत, माणसं नाहीत.

शहरात किती प्रकारचं जेवण मिळतं यापेक्षा एका टेबलावर किती प्रकारची माणसं बसू शकतात, हे मी आधी विचारेन. या मापानं पाहिलं तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईचं मेन्यूकार्ड लांबत गेलं आणि टेबल आखडत गेलं. हे म्हणणं काहींना जुन्या काळाच्या उमाळ्यासारखं वाटेल. तसं ते नाही, कारण जुनं टेबलही फार मोठं नव्हतं. ते कसं मोठं होत गेलं, हे पाहण्यासारखं आहे.

बाहेर जेवायला जाणं ही आज शनिवार-रविवारची करमणूक झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी तो धर्माचा मामला होता. कोणाच्या हातचं खावं, कोणाच्या पंक्तीला बसावं, कोणाचं पाणी चालतं आणि कोणाचं चालत नाही, यावर जातीचा सगळा कारभार उभा होता. बेटीव्यवहाराचा प्रश्न आयुष्यात एकदोनदा यायचा, रोटीव्यवहाराचा दिवसातून दोनदा. फ्रँक कॉनलन या अमेरिकी इतिहासकारानं १९९५ साली मुंबईतल्या बाहेरच्या खाण्यावर एक दीर्घ निबंध लिहिला. एवढं मोठं व्यापारी बंदर असूनही इथे हॉटेलात बसून जेवण्याची रीत सावकाश का रुजली, याची चर्चा करताना त्यांना याच सोवळ्याओवळ्याकडे यावं लागतं.

कोल्हापूरची गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती राजाच्या दिलदारपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि त्यातलं हॉटेल मागे राहतं. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून कांबळे यांना मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचं चहाचं दुकान काढायला मदत केली. दुकान निघालं, फलक लागला, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. बोर्डिंगं काढणारा, राखीव जागांचा हुकूम काढणारा राजा एक कप चहासाठी रस्त्यात थांबतो, कारण हुकमानं नोकरी देता येते, पण दुसऱ्याच्या हातचा चहा पिण्याची सवय हुकमानं लागत नाही. ती पिऊनच लावावी लागते. पुढे १९३०च्या दशकात सहभोजनं हा सुधारकांचा कार्यक्रमच झाला. त्यासाठी सभा, पत्रकं, वर्तमानपत्रांतल्या बातम्या असा सगळा खटाटोप करावा लागे आणि वर जातीच्या बहिष्काराची धास्ती असे.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. पाठोपाठच्या उपखंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. देशाच्या मूळ कायद्यात हॉटेलाचं नाव घालावं लागलं, यावरून तिथे काय चालत असे ते कळतं. चवदार तळ्याच्या काठावर जो प्रश्न होता, तोच चहाच्या टेबलावरही होता.

मुंबईत हा प्रश्न तत्त्वानं सुटला नाही, अडचणीनं सुटला. गिरण्या, गोदी, रेल्वे यांच्या कामावर आलेला पुरुष बायकापोरं गावी ठेवून आला होता. एकेका खोलीत गावकीचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे. चूल कुठे मांडणार? म्हणून खानावळ. गिरणगावातल्या खानावळी बहुतेक बायकांनी चालवल्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून पदर खोचलेली. दहा-पंधरा गडी लावून घ्यायचे, दोन वेळा भाकरी थापायची, महिन्याला हिशेब. संप झाला की पगार थांबायचा, खानावळीचं ताट थांबायचं नाही. उधारी वहीत चढत राहायची आणि खानावळवाली स्वतःचे दागिने सावकाराकडे ठेवायची. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. गिरणी संपाचे इतिहास युनियनच्या नेत्यांच्या नावांनी भरलेले आहेत. संप जितके दिवस चालले तितके दिवस ते कुणाच्या चुलीवर चालले, हे त्यात शोधावं लागतं.

पण खानावळीचं टेबल अरुंदच होतं, टेबल असलंच तर. कोकणातल्याची खानावळ कोकणातल्यासाठी, घाटावरच्याची घाटावरच्यासाठी, आणि गावकी म्हणजे बहुतेक वेळा जातही तीच. गिरणीच्या आतही हेच होतं. विणाई खात्यात धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. उष्टा धागा चालणार नाही म्हणून दलित कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यात घेतलंच जात नसे. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. कामगार म्हणून एक झालेली माणसं धाग्यावरच्या थुंकीपाशी येऊन पुन्हा वेगळी होत होती. तेव्हा खानावळीकडून फार अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

ती कोंडी पहिल्यांदा फोडली इराण्यानं. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असं सांगतात. खरंखोटं काही असो, जातीच्या उतरंडीत या माणसाची पायरीच नव्हती. त्याच्या हातचा चहा चालतो की नाही, याला शास्त्रात आधार सापडत नव्हता आणि बंदीही सापडत नव्हती. धोबीतलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं. संगमरवरी टेबल, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि गल्ल्यावर बसलेला मालक, ज्याला तुमच्या आडनावात काडीचा रस नाही. त्याला एवढंच हवं असे की टेबलावर पाय ठेवू नका आणि सुट्टे पैसे द्या. समोरची खुर्ची रिकामी असेल तर तिथे कोणीही येऊन बसणार, हे गृहीत होतं. परवानगी मागायची पद्धत नव्हती, मान हलवली तरी खूप झालं.

उडुप्यांनी तेच काम जेवणाच्या बाबतीत केलं, आणि ते जास्त अवघड होतं. चहा-बिस्कीट म्हणजे फराळ. त्याला पूर्वीही थोडी सूट होती. भात हा मात्र पक्क्या पंक्तीचा विषय. माटुंग्याचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. स्टेशनला लागून महापालिकेच्या मंडईची इमारत आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर ते अजून चालू आहे. सुट्टीच्या दुपारी जिन्यावर रांग लागते. कूपन घ्यायचं आणि उभं राहायचं. पान मांडलं जातं, त्यावर पाणी शिंपडून आपणच ते हातानं निपटायचं. मग भाज्या, पुऱ्या, पापड, आणि नंतर भाताचा डोंगर. भाताला मधोमध खळगा केला नाही तर सांबार थेट पानाच्या कडेनं तुमच्या मांडीकडे निघतं. नवख्या माणसाला शेजारचा हे खुणेनं सांगतो.

गर्दीच्या वेळी तुमच्यासमोर कोण बसणार, हे तुम्ही ठरवत नाही. वाढपी ठरवतो. समोर कधी दाणाबाजारातला वयस्कर गुजराती दलाल, कधी व्हीजेटीआयचा वसतिगृहातला पोरगा, कधी दवाखान्याच्या वेळेआधी घाईघाईनं जेवणारा औषध कंपनीचा विक्रेता. वाढपी ताकाचं भांडं घेऊन येतो आणि दोघांना मिळून एकदाच विचारतो. दलाल मान हलवतो, पोरगा पेला पुढे करतो. एकमेकांशी एक शब्द बोलणं होत नाही, होण्याची गरजही नाही. दोघांच्या पानावर तेच रसम असतं आणि दोघांनी सारख्याच रकमेचं कूपन घेतलेलं असतं. आजोबांच्या पिढीत यातल्या दोघांनी एका पंक्तीला बसण्यासाठी सभा भरवावी लागली असती. इथे सभेशिवाय, भाषणाशिवाय, केवळ खुर्च्या कमी आहेत म्हणून ते घडतं.

स्वयंपाकघराची जात हा वेगळा विषय आहे, आणि त्यात उडुपी हॉटेलांचा इतिहास काही क्रांतिकारक नाही. आचारी कोण आणि भांडी कोण घासणार, याची वाटणी तिथे बराच काळ परंपरेनंच होत राहिली. ब्राह्मण आचारी ही जाहिरात होती. पण दाराबाहेरच्या गिऱ्हाइकाला जात विचारणं धंद्याला परवडणारं नव्हतं, म्हणून ते गेलं.

आता जुन्या टेबलाची मोठी खोट. त्यावर बाई नव्हती. खानावळ बायकांनी चालवली, जेवले पुरुष. इराण्याकडे बाईसाठी ‘फॅमिली रूम’ होती. प्लायवूडचा आडोसा, अर्धं दार, आत कोंदट पंखा. नवरा किंवा भाऊ बरोबर असेल तरच तिथे जायचं, आणि तरीही आत जाताना दहा नजरा मागे लागायच्या. एकटी बाई इराण्याकडे अर्धा तास वर्तमानपत्र वाचत बसली आहे, असं चित्र माझ्या आईच्या पिढीत कोणी पाहिलं नसेल. हे टेबल बाईसाठी उघडलं ते फार उशिरा, आणि उघडणाऱ्यांमध्ये वातानुकूलित कॉफीवाल्या साखळ्या आहेत हे मान्य करायला हवं. स्टारबक्सनं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला काढलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतून एवढी महाग कॉफी कोण पिणार म्हणून भरपूर थट्टा झाली. आज अशा दुकानांत मुली लॅपटॉप उघडून तासन्‌तास एकट्या बसतात, आणि कोणी वळून पाहत नाही. कॉफीच्या किमतीत त्या टेबलाचं भाडं धरलेलं असतं, हे खरं. पण माझ्याच मापानं मोजायचं तर इथे त्यांना गुण द्यावे लागतात आणि इराण्याचे कापावे लागतात.

मग माझी तक्रार काय आहे? बाईला जागा देणारं हे टेबल दुसऱ्या टोकाला आणखी कोणाला तरी उठवतं. आणि याचं कारण लोकांच्या स्वभावात शोधू नये, जागेच्या भाड्यात शोधावं.

१९४७ सालच्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी जवळपास गोठवून टाकली. पागडीच्या जागेत बसलेला इराणी एका चहावर गिऱ्हाइकाला तासभर बसू देत असे, ब्रुन मस्क्यावर सकाळ काढू देत असे. त्याचं हे औदार्य जितकं स्वभावात होतं तितकंच भाडेपावतीतही होतं. त्याची किंमत घरमालक मोजत होता, आणि डागडुजीअभावी इमारतही मोजत होती. पुढे १९९९चा नवा भाडेकायदा आला, पुनर्विकासाची लाट आली, कोपऱ्याच्या जागेचा भाव कोटींत गेला, आणि इराण्याच्या नातवाला पहाटे उठून पावाच्या भट्टीपाशी उभं राहण्यात काही राम दिसेना. एकेक कोपरा बँकेनं, औषधांच्या दुकानानं, बर्गरवाल्यानं घेतला. प्रत्येक इराणी बंद झाला की वर्तमानपत्रात हळहळणारे लेख येतात. त्यांत मावा केक असतो, आरसे असतात, पाट्या असतात. भाडं मात्र क्वचितच असतं. चौरस फुटाचा दर चढला की टेबलाला मिनिटाचा दर लागतो, आणि मग समोरची खुर्ची अनोळखी माणसासाठी मोकळी राहत नाही. एकतर ती विकली जाते, नाहीतर काढून टाकली जाते.

याचा पुरावा लोअर परळात उभा आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; गिरण्याच मागे गेल्या. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि बांधकाम असलेली बहुतांश जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का उमटवला. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला, कमला मिल कम्पाउंडमध्ये कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांच्या मागोमाग रेस्तराँ आली. आज मुंबईत जेवायला कुठे जायचं याच्या यादीतली निम्मी नावं या भागातली असतात. २८-२९ डिसेंबर २०१७च्या रात्री कमला मिलमधल्या गच्चीवरच्या दोन रेस्तराँना आग लागून १४ जण गेले, तेव्हा कळलं की जिथे एकेकाळी भोंग्यावर पाळ्या बदलायच्या तिथे आता मध्यरात्री वाढदिवस साजरे होतात, आणि बाहेर पडायला धड रस्ताही ठेवलेला नाही.

या रेस्तराँमध्ये जेवण उत्तम असतं. हे मी खवचटपणे म्हणत नाही. तिथल्या तरुण शेफ मंडळींनी महाराष्ट्रातल्या, ईशान्येतल्या, किनारपट्टीवरच्या पदार्थांकडे जेवढ्या गंभीरपणे पाहिलं, तेवढं आपल्या घरच्या लग्नांतल्या केटररनं कधी पाहिलं नाही. ठेचा, बोंबील, कुळीथ, अंबाडी या गोष्टी तिथे मानानं मांडल्या जातात. फक्त त्या मांडल्या जातात चमचाभर, मोठ्या बशीच्या मधोमध, आणि दोघांच्या रात्रीच्या जेवणाचं बिल मागच्या गल्लीतल्या पोळीभाजीवाल्या बाईच्या महिन्याच्या डब्याला जाऊन भिडतं. ज्या जमिनीवर भाकरी-बोंबील खाऊन माणसं पाळीला जात, त्याच जमिनीवर तेच खाणं आता त्यांच्या नातवंडांच्या खिशाबाहेर आहे. कौतुक पदार्थाचं झालं. तो पदार्थ ज्यांचा होता ते टेबलावर नाहीत, असलेच तर हातात ट्रे घेऊन उभे आहेत.

या भागातल्या एका नावाजलेल्या जागी मी एकदा एकटाच जेवायला गेलो. दारातल्या मुलीनं अतिशय नम्रपणे विचारलं, किती जण? एकटाच म्हटल्यावर तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि मला बारच्या कडेला उंच स्टुलावर बसवलं. आत मोठी टेबलं रिकामी दिसत होती. ती राखीव होती, असं कळलं. कोणाबरोबर बसवलंत तरी चालेल, असं मी म्हणालो तेव्हा ती गोंधळलीच. तिच्या टॅबमध्ये त्यासाठी खूणच नव्हती. हल्ली काही ठिकाणी एक लांबलचक सामाईक टेबल ठेवलेलं असतं. त्याचंही निरीक्षण करून पाहावं. एक जोडपं या टोकाला बसतं, दुसरं त्या टोकाला, आणि मधल्या खुर्च्यांवर पर्सा जेवतात.

खिशानुसार माणसं वेगळी होतात हे तरी समजण्यासारखं आहे. आहारावरून होणारी विभागणी मला जास्त खटकते, कारण ती जुन्या सोवळ्याची धाकटी बहीण आहे. शाकाहारी माणसाला शाकाहारी हॉटेल हवं, यात काही चूक नाही. जैन गिऱ्हाईक आलं म्हणून पावभाजीवाला बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतो, कांदा-लसूण वगळून वेगळा तवा मांडतो, हा तर खरा मुंबईचा पाहुणचार. त्यात दुसऱ्याला उठवणं नाही, आणखी एकाला सामावून घेणं आहे. पण मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी जेवण पोचवण्यासाठी वेगळी माणसं आणि त्यांना वेगळा हिरवा गणवेश अशी घोषणा केली, तेव्हा गाडी वेगळ्या रुळावर गेली होती. लोक खवळले, आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला. ताटात काय आहे हा प्रश्न ताट आणणाऱ्याच्या अंगापर्यंत गेला की त्याला आहाराची निवड म्हणता येत नाही. कोणत्या डब्याशेजारून माझा डबा आला, याची चौकशी आपल्या पणज्या करायच्या. अॅपमधून केली म्हणून ती आधुनिक होत नाही.

घरपोच जेवणानं तर टेबलच काढून टाकलं. उपनगरातल्या एखाद्या औद्योगिक गाळ्यात एकाच ओट्यावर बिर्याणी, पास्ता, थालीपीठ आणि मोमो तयार होतात, चार वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत भरले जातात आणि चार वेगवेगळ्या दारांत पोचतात. पदार्थांचं वैविध्य इथे कळसाला पोचलं आहे. माणसं भेटतात ती फक्त स्वयंपाकघरात, जिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नाही.

सरकारनंही यावर उपाय काढले, पण ते पोटाचे होते. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. रणरणत्या दुपारी रुग्णालयाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकाला दहा रुपयांत जेवण मिळणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून पाहावं. मात्र तिथे गरीब गरिबाशेजारीच बसतो. माटुंग्याच्या पानावर जे घडतं ते तिथे घडू शकत नाही, कारण दलाल तिथे येणार नाही.

अजून काही ठिकाणी ते घडतं, हेही खरं. ठाण्याच्या मामलेदार मिसळीच्या बाकांवर तहसील कचेरीत दाखल्यासाठी आलेला शेतकरी आणि त्याच्या दाखल्यावर सही करणारा कारकून मांडीला मांडी लावून बसतात आणि दोघांचंही नाक सारखंच वाहतं. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या आसपास दादर-डोंबिवलीची मराठी पोरं रात्री उशिरापर्यंत फिरतात. अलीकडे त्याला ‘फूड वॉक’ म्हणून तिकीट लावायला लागले आहेत. मार्गदर्शकाच्या मागे कॅमेरे घेऊन चालणाऱ्या घोळक्याला पाहून मला जरा कानकोंडं होतं, पण भेंडीबाजारच्या नूर मोहम्मदीमध्ये बाकावर सरकून जागा करून घेणारा आणि नळीनिहारीत रोटी बुडवणारा चित्पावन पोरगा त्या घोळक्यातूनच कधीतरी सुटून आलेला असतो. चालेल. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर तर टेबलच नाही, सगळे उभेच. लाल तिखट शेजवान चटणीपुढे कोणाची कुलीनता टिकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. शेजारी बसल्यानं काय होतं? रामा नायकांकडे समोरासमोर जेवलेले दोघे घरी जाऊन आपापल्या जातीतच मुली देतात, सोसायटीत मांस खाणाऱ्याला घर नाकारतात. एका टेबलावर जेवून जात गेली असती तर मुंबईतून ती केव्हाच गेली असती. मान्य आहे. टेबलानं जात जात नाही. पण टेबलाकडून मी तेवढी अपेक्षाच ठेवत नाही. समोरच्या माणसाचं बोट मिठाच्या वाटीत गेलं म्हणून माझ्या अंगावर काटा येत नाही, एवढं जरी रोज, न बोलता, वर्षानुवर्षं घडत राहिलं तरी शरीराला एक सवय लागते. विटाळ हा आधी शरीरात असतो, मग पोथीत. कायदा पोथीपर्यंत पोचला. शरीरापर्यंत पोचायला गर्दीचं हॉटेल लागलं. आणि ही सवय मोडायलाही फार वेळ लागत नाही. स्वतंत्र टेबल, स्वतंत्र डबा, स्वतंत्र लिफ्ट यांत वाढलेल्या मुलाला उद्या बाकावर सरकून बसायला सांगितलं तर तो नाक मुरडणारच; त्याला सोवळं कोणी शिकवलेलं नाही, त्याच्या वाट्याला फक्त गर्दी आलेली नाही.

मुद्दा शेवटी जागेचा आहे. सिंगापूरनं रस्त्यावरचे खाद्यविक्रेते उचलून सरकारी जागेत, नळ-गटाराच्या सोयीसह बसवले. मंत्रालयातला अधिकारी आणि बांधकामावरचा मजूर तिथे एकाच टेबलावर ट्रे ठेवतात, आणि २०२०मध्ये युनेस्कोनं त्या संस्कृतीची वारसा म्हणून नोंद केली. तिथली शिस्त आपल्याला झेपेल की नाही, हा वाद घालता येईल. पण रामा नायकांचं बोर्डिंग महापालिकेच्या मंडईच्या माडीवर आहे, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. शहरात मंडया आहेत, बहुतेकांचे वरचे मजले अंधारे आणि कुबट पडले आहेत, आणि त्यांच्याही पुनर्विकासाचे आराखडे निघत असतात. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. या सगळ्या ठिकाणी व्यापारी गाळे असणार, आणि ते चढ्या बोलीनं गेले तर तिथेही दारात टॅब घेऊन उभी असलेली मुलगीच दिसेल. वाहनतळासाठी किती जागा सोडायची, याचं कोष्टक नियमावलीत असतं. मग प्रत्येक मंडईत, प्रत्येक पुनर्विकासात एक गाळा बांधून दिलेल्या भाड्यानं खानावळीला द्यायचा, टेबलं सामाईक ठेवायची, आणि चालवायला पहिला हक्क त्या वस्तीतल्या पोळीभाजीवाल्या बाईचा, एवढी ओळ त्याच नियमावलीत घालायला काय हरकत आहे? गिरण्यांच्या जमिनीच्या वेळी ती घालायची राहिली. बीडीडीचे तळमजले अजून वाटायचे आहेत.